पतंगाखालची चिठ्ठी

हे खरं आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं, मी राग मानणार नाही. मला कुणी असं काही सांगितलं असतं तर मीही हसले असते. विज्ञान शिकलेली बाई आहे मी. भूत, करणी, झपाटणं, यातलं काही आमच्या घरात कधी चाललं नाही. आणि हे लिहून मला कौतुकही नकोय. शेवटपर्यंत वाचलंत तर तुम्ही मला चार शिव्याच घालाल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरमधली अमावस्या. बुधवार. रात्री साडेनऊ ते पावणेबारा.

जागा म्हणजे बारमाही पावसाच्या जंगलातलं एक संशोधन केंद्र. केंद्र म्हणायचं आपलं. पत्र्याच्या तीन खोल्या, एक जनरेटर आणि एक चौकीदार. गाडीरस्ता संपला की पुढे जीपने चार तास. त्या रात्री तिथे आम्ही तिघं होतो.

मला तरी तिघंच वाटत होतो…

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी एका संग्रहालयात किड्यांच्या विभागात आहे. पतंगांना टाचण्या लावते. उडवायचे पतंग नव्हेत, रात्री दिव्यावर झेपावतात ते. जंगलातून ते मरून, कडक होऊन येतात. मी त्यांना ओलसर डब्यात ठेवून नरम करते, पंख पसरून पाटीवर बसवते, वाळले की टाचणीसकट खणात लावते. आणि प्रत्येक टाचणीला, पतंगाच्या बरोबर खाली, एक चिठ्ठी टोचते. नखाएवढी. तिच्यावर जागा, तारीख, उंची आणि पकडणाऱ्याचं नाव.

चिठ्ठी नसेल तर पतंग म्हणजे कचरा. एखादा पंख तुटला तरी चालतं आमच्यात, पण चिठ्ठी हरवली तर विभागप्रमुख जेवत नाहीत. शंभर वर्षांनी कुणी तो खण उघडला, तर तो पतंग कुठे मिळाला आणि कुणाला मिळाला हे सांगायला दुसरं कुणी नसतं.

माझी ताई ते पतंग पकडायची.

माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. अकरा वर्षं एकाच सरांच्या हाताखाली जंगलं तुडवली. जळवा, ताप, मोडलेला घोटा, सगळं तिच्या वाट्याला. सर खाली ऑफिसात बसून शोधनिबंध लिहायचे. आयत्या बिळावर नागोबा. निबंधावर नाव त्यांचं, आणि अगदी शेवटी आभारात ताईचं. तेही एकदा चुकीचं छापलं होतं.

आई चिडायची. "राबायचं तू आणि मिरवायचं त्यांनी? हे कसं गं चालतं तुमच्यात?"

ताई हसायची. "आई, चिठ्ठीवर नाव माझं असतं. ते कुणाच्या बापाला खोडता येत नाही."

नाही येत. बापाला नाही येत.

त्या नोव्हेंबरच्या आधीच्या मार्चमध्ये ताई त्याच केंद्रावर होती. सरही होते. तिला तीन दिवस ताप होता, आणि उतरत नव्हता. चौकीदारकाकांनी सरांना जीप काढायला सांगितलं. सर म्हणाले, "आज अमावस्या आहे. एवढी रात्र जाऊ दे. उद्या सकाळी निघू."

अमावस्या म्हणजे आमच्या कामात पर्वणी. चांदणं नसलं की पतंग दिव्यावर तुटून पडतात. बाकीचं जग त्या रात्री दारं लावून बसतं, आणि आम्ही जंगलात दोन झाडांना पांढरी चादर बांधतो, तिच्यापुढे पाऱ्याचा दिवा लावतो आणि उभे राहतो.

त्या रात्री सर जेवून झोपले.

ताप अंगात घेऊन ताई उभी राहिली.

पहाटे कधीतरी चादरीवर एक पतंग येऊन बसला. तिने तो काचेच्या नळीत घेतला. काकांनी नंतर आम्हाला सांगितलं, "ताईंना नीट उभं राहवत नव्हतं. पण हसत होत्या. मला म्हणाल्या, काका, हा नवा आहे, हा अजून कुणी पाहिलेलाच नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी, जीपमध्ये, अर्ध्या वाटेत ताई गेली.

आईने काकांचं ते वाक्य ऐकलं आणि तेवढंच धरून बसली. जेवताना, कपडे वाळत घालताना, बाबांना औषध पाजताना, एकच प्रश्न. "तिचं नाव लागेल ना गं त्याला? माणूस तर गेलं. नाव तरी राहू दे."

मी म्हणायचे, "लागेल गं आई. चिठ्ठी आहे ना."

ती नळी माझ्याच टेबलावर आली.

आत पतंग, आणि पतंगाबरोबर ताईची चिठ्ठी. पेन्सिलीने लिहिलेली. जंगलात आम्ही शाई वापरत नाही, ओलाव्याने पसरते. नंबर, वेळ, उंची, तिचं नाव. आणि खाली दोन शब्द… "डोकं खाली."

मला ते लगेच कळलं. दिसायला तो पतंग एका नेहमीच्या जातीसारखाच होता. तपकिरी, पंखावर राखाडी पट्टा, कुणीही बघून जुन्या खणात ढकलून दिला असता. पण त्या जातीचे सगळे भाऊबंद बसतात ते डोकं वर करून. हा उलटा बसला होता. टाचणी लावली की सगळे पतंग सारखेच दिसतात. जिवंतपणी तो कसा बसला होता, हे फक्त बघणाऱ्यालाच माहीत असतं.

ताईने त्याच्या बसण्यावरून त्याला ओळखला. पुढे सरांनी त्याच्या पोटाचं टोक उघडून मायक्रोस्कोपखाली बघितलं, तेव्हा शिक्कामोर्तब झालं. नवी जात.

जूनमध्ये एका दुपारी सर माझ्या खोलीत आले. दार लावून घेतलं.

"तुझी नेमणूक अजून हंगामीच ना? सहा वर्षं झाली?"

"सात."

"समितीवर मी आहे या वेळी." त्यांनी माझ्या टेबलावरची एक टाचणी उचलली, बोटांत फिरवली. "हे बघ, गेलेल्या माणसाला आता कशाचा उपयोग? कॅम्प माझा होता. दिवा माझा, चादर माझी. ती चिठ्ठी तेवढी नवीन कर. तुझं अक्षर सुबक आहे."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं ऐकून होते. समोर बसलेली पहिल्यांदा बघितली.

पण मी उठले नाही. ओरडले नाही. बाबा अंथरुणाला खिळलेले, आई ताईच्या मागे अर्धी झालेली, मिळवती मी एकटी. हे सगळं खरं आहे आणि याचा काही उपयोग नाही, कारण मी जे केलं ते केलंच.

नवी चिठ्ठी लिहिली. जागा तीच. तारीख तीच. नाव सरांचं.

ताईची चिठ्ठी फाडली, बेसिनमध्ये टाकली आणि नळ सोडला. इतकुशी तर होती. लगेच गेली.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणतात ना? तो दांडा मी.

एकच गोष्ट केली नाही. ते "डोकं खाली" सरांना सांगितलं नाही. त्यांनी ताईची चिठ्ठी भिंगाखाली कधी बघितलीच नव्हती, नवीन करून घ्यायची घाई होती. मी सूड उगवला असं म्हणणार नाही, तेवढी माझी लायकी नव्हती. तोंड उघडलं नाही, इतकंच.

जुलैमध्ये सरांनी शोधनिबंध पाठवला. नव्या पतंगाला नाव दिलं आपल्या नातवाचं. नातू साधं पाखरू दिसलं तरी पलंगाखाली लपतो. आणि पतंग कसा बसतो याबद्दल त्यांनी ठोकून दिलं, "आपल्या सर्व भाऊबंदांप्रमाणे डोकं वर करून."

ऑक्टोबरमध्ये नियतकालिकाकडून उत्तर आलं. निबंध छापण्याआधी आणखी एक नमुना हवा. आणि जिवंत पतंगाचा बसलेला फोटो हवा.

सर भडकले. "असं कधी विचारत नाहीत! तीस वर्षांत नाही विचारलं!" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू चल वर. नळ्या धरायला कुणीतरी लागेल. परत आलो की तुझी ऑर्डर काढतो."

म्हणून मी त्या नोव्हेंबरमध्ये तिथे गेले.

केंद्रावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. काका पायरीवर बसले होते. मला बघून उठले. मग सर आत गेल्यावर हळूच म्हणाले, "पोरी, रात्री मी चादरीपाशी येणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

"का हो काका?"

"अमावस्येला मी तिकडे जात नाही आता."

"घाबरता?" मी चेष्टेत विचारलं.

"घाबरत नाही गं." ते खाली बघत होते. "पण सकाळी जाऊन बघतो तर चादर बांधलेली असते."

"कोण बांधतं?"

काकांनी खांदे उडवले. "मी सोडतो, घडी घालतो, आणून कपाटात ठेवतो. आठ अमावस्या झाल्या. गाठी मात्र ताईंच्या असतात."

मला हसायचं होतं. आलं नाही.

रात्री साडेनऊला आम्ही दिवा लावला.

ज्यांनी असं जंगल ऐकलेलं नाही त्यांना सांगते, तिथे रात्री शांतता नसते. रातकिडे, बेडूक, पानांवरून ठिबकणारं पाणी, वर कुठेतरी फांद्यांत काहीतरी ओरडतंय. आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. अर्ध्या तासात चादर भरली. हिरवे, पांढरे, पिवळे, तळहाताएवढे, तांदळाच्या दाण्याएवढे, हजारोंनी किडे. पांढरं कापड दिसेना.

सर भिंग आणि टॉर्च घेऊन एका टोकापासून बघत चालले होते. "हा नाही… हा नाही… हाही नाही…"

मी नळ्यांची पेटी गळ्यात अडकवून मागे उभी होते.

साडेदहाला बेडूक थांबले.

मी घड्याळ बघितलं म्हणून आठवतंय. एकदम थांबले, कुणीतरी दार उघडून आत आल्यावर मुलं गप्प होतात तसे. मग रातकिडे. एका बाजूने थांबत आले… आमच्या मागून… डावीकडून… पुढून.

मग पानांवरचं ठिबकणंही ऐकू येईना.

उरला फक्त लांबचा जनरेटर.

"सर," मी म्हटलं, "आवाज बंद झालेत."

"पाऊस येत असेल. नळ्या तयार ठेव."

पाऊस येत नव्हता.

मी चादरीकडे बघितलं. मधोमध किडे हलत होते. उडत नव्हते. सरकत होते. हळूहळू, एकमेकांच्या अंगावरून, बाजूला. आधी वर, माझ्या डोक्याच्या उंचीला, एक रिकामी जागा झाली. गोल. मग तिच्याखाली आणखी… रुंद. मग खाली, खाली, थेट जमिनीपर्यंत.

कडेला किड्यांचा खच. आणि मध्ये कोरी पांढरी चादर.

माणसाच्या आकाराची.

कुणीतरी चादरीला पाठ लावून आमच्याकडे तोंड करून उभं असावं, आणि त्याच्या मागे किड्यांना बसायला जागा नसावी, तसं ते होतं. पण समोर कुणी नव्हतं. सर त्या जागेच्या दोन हातांवर वाकून भिंगातून काठावरचे किडे तपासत होते. त्यांना एकेक किडा दिसत होता. आकार दिसत नव्हता.

मला दिसत होता.

डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली होता. अकरा वर्षं बॅटरीची जड पिशवी एकाच खांद्यावर घेतली की माणूस तसाच उभा राहतो. आई तिला नेहमी टोकायची, सरळ उभी राहा म्हणून.

मी गळ्यातली पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

तेवढ्यात अंधारातून एक पतंग आला. थेट त्या कोऱ्या जागेत. उजवा हात असेल तिथे बसला. तपकिरी. पंखावर राखाडी पट्टा.

बसला, आणि हळूच वळला…

डोकं खाली.

"सर…" मी बोट दाखवलं.

सरांनी टॉर्च फिरवला. भिंग नेलं. मिनिटभर बघितलं. आणि मान हलवली.

"हा नव्हे. उलटा बसलाय. आपला डोकं वर करून बसतो." आणि त्यांनी टिचकी मारून त्याला उडवलं.

स्वतःच्या हाताने. ज्याच्यासाठी चार तास जीपमध्ये हाडं खिळखिळी करून आले होते, त्याला टिचकी मारली.

मला सगळं माहीत होतं. मी मूग गिळून गप्प राहिले.

पतंग चादरीवरून पलीकडे गेला. "मागची बाजू बघतो," म्हणत सर चादरीला वळसा घालून गेले. मी पुढेच राहिले.

त्यांची पावलं ऐकू आली. चिखलात. एक, दोन, तीन. मग थांबली.

मग सरांचा आवाज आला.

"अगं, तू इकडे कधी आलीस?"

मी चादरीच्या पुढे होते. जागची हलले नव्हते.

"टॉर्च जरा वर धर… हां. अस्सं."

चादरीमागे उजेड वर सरकला. सरांचा टॉर्च माझ्या हातात होता, खाली वळलेला; जाताना माझ्याकडेच देऊन गेले होते.

"नळी दे."

काचेवर काच घासल्याचा बारीक आवाज झाला. पेटी माझ्या गळ्यात होती.

आमच्या कामात एक पद्धत आहे. पकडणाऱ्याने वेळ आणि नंबर मोठ्याने म्हणायचा. चिठ्ठी लिहिणाऱ्याने तो परत म्हणायचा, म्हणजे अंधारात चूक होत नाही. सर सवयीने म्हणाले, "अकरा वाजून सात. नंबर चार."

थोडा वेळ काहीच नाही…

मग चादरीमागून दुसरा आवाज आला. बसलेला, कोरडा, तापात घसा सुकतो तसा.

"अकरा वाजून सात… नंबर चार."

कागदावर पेन्सिल चालल्याची खरखर आली. त्या शांततेत ती इतकी स्पष्ट होती की अक्षरं मोजता आली असती.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सर, मी इकडे आहे. पुढे."

चादरीमागे सगळं थांबलं.

किती वेळ गेला मला माहीत नाही. मग सर बाहेर आले. कडेकडेने, चादरीकडे पाठ न करता. त्यांच्या हातात नळी होती. नळीत पतंग फडफडत होता. आणि त्याच्याबरोबर एक चिठ्ठी.

त्यांनी नळी दिव्याजवळ नेली. वाचली.

अकरा वर्षं ते अक्षर त्यांच्या टेबलावर येत होतं. त्यांना मला विचारायची गरज नव्हती.

नळी त्यांच्या हातातून सुटली. दगडावर फुटली. पतंग उडाला, दिव्याकडे न जाता उलट्या बाजूला, अंधारात. दिव्यापासून लांब जाणारा पतंग मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

आणि एका क्षणात रातकिडे सुरू झाले. बेडूक सुरू झाले. चादरीकडे बघितलं तर मधली जागा किड्यांनी भरलेली होती, कधी रिकामी नसल्यासारखी.

सर पळत खोलीकडे गेले. माझ्यासाठी थांबले नाहीत.

मी वाकून चिठ्ठी उचलली. नंबर. वेळ. उंची. खाली "डोकं खाली". अक्षर ताईचं.

नावाची जागा मात्र कोरी होती.

पावणेबाराला मी दिवा बंद केला. चादर सोडायचा धीर झाला नाही.

सकाळी जीपमध्ये सर तासभर गप्प होते. चेहरा राखेसारखा. मला वाटलं, आता हा माणूस मोडला. आता कबूल करेल.

तासाभराने म्हणाले, "कुणाजवळ ब्र काढायचा नाही. खणातल्या चिठ्ठीवर अक्षर कुणाचं आहे ते विसरू नकोस. मी बुडालो तर तूही बुडशील."

रात्रभर थरथरत होता हा माणूस. काकांनी मला सांगितलं. आणि सकाळी डोकं पुन्हा जागेवर. असली माणसं भुतालाही पुरून उरतात.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझी कायमची ऑर्डर आली. इतक्या वर्षांत जी आली नाही ती पंधरा दिवसांत. आईच्या हातात दिली. ती म्हणाली, "बरं झालं गं." मग ऑर्डर बाजूला ठेवून विचारलं, "आणि तिच्या पतंगाचं?"

त्या दुपारी मी नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. ताप, अमावस्या, न निघालेली जीप, पहाटेचा पतंग. तो माझ्या दिवंगत बहिणीने पकडला आहे. तो डोकं खाली करून बसतो. सरांनी तिची चिठ्ठी काढून टाकली आणि आपल्या नावाची लावली.

त्यांनी काढली, असं लिहिलं मी. त्यांनी.

माझ्याबद्दल एक अक्षर नाही.

पाकीट टपालात टाकलं आणि खरं सांगते, हलकं वाटलं. ताईचं काम केलं असं वाटलं. त्या दिवशी पोटभर जेवलेसुद्धा.

जानेवारीत संपादकांचा फोन आला. वयस्कर आवाज, शांत.

"तुमचं पत्र मिळालं. तुम्ही कळवलंत ते बरं केलंत. पहिल्या पत्राला दुजोरा मिळाला."

"पहिलं पत्र?"

"तुमच्या बहिणीचं. ऑगस्टमध्ये आलं होतं. पेन्सिलीने लिहिलेलं आहे, जरा पुसट आहे, पण स्वच्छ अक्षर. पतंग कसा बसतो तेही त्यात आहे. म्हणून तर आम्ही तुमच्या सरांकडे जिवंत पतंगाचा फोटो मागितला. म्हटलं, ज्याने पकडलाय त्याला माहीत असेल."

मी भिंतीला टेकले.

"हॅलो? आहात ना? मला एक विचारायचं होतं. तुम्ही 'दिवंगत' लिहिलंय. त्या कधी…"

"मार्चमध्ये."

पलीकडे खुर्ची सरकली. मग कागद चाळल्याचा आवाज.

"टपालाचा शिक्का ऑगस्टचा आहे," ते सावकाश म्हणाले. "कुठला ते वाचता येत नाही."

मी खुर्ची ओढून बसले.

"मग त्यातली शेवटची ओळ… मला वाटलं होतं तुम्हाला कदाचित माहीत असेल." त्यांनी घसा साफ केला आणि वाचलं. "'माझी चिठ्ठी कुणाच्या हाताने बदलली गेली ते इथे लिहीत नाही. ती तुम्हाला स्वतः कळवेल. तिला थोडा वेळ लागतो. कृपा करून थांबा.'"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमच्या पत्रात सरांनी बदलली असं आहे. पण इथे 'ती' म्हटलंय. आम्ही निबंध थांबवून ठेवलाय. ते पत्र आलं की निकाल लावता येईल, आणि पतंग तुमच्या बहिणीच्या नावाने नोंदवता येईल. ही कोण, काही कल्पना आहे तुम्हाला?"

एक शब्द बोलायचा होता. एकच. मी.

"नाही," मी म्हटलं. "काही कल्पना नाही."

"बरं," ते म्हणाले. "आम्ही थांबतो."

त्याला आता दोन वर्षं होत आली. सर मजेत आहेत, जंगलात तेवढे जात नाहीत. पतंग माझ्याच खोलीत, खणात आहे. नाव नाही. खाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे, सुबक. आईने विचारणं सोडून दिलं. ते विचारण्यापेक्षा वाईट.

तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही मला ओळखत नाही. संपादकांच्या पत्त्यावर लिहायचं म्हटलं की हात चालत नाही.

प्रयत्न करते. सगळे घरी गेले की विभागात टेबलापाशी बसते, कोरा कागद घेते. "चिठ्ठी मी बदलली." तीन शब्द. "चिठ्ठी" लिहून होतं, आणि मग…

मग खोलीतले आवाज थांबतात. आधी बाहेरचा रस्ता. मग पंखा. मग भिंतीवरचं घड्याळ.

मागे कुणीतरी येऊन उभं राहतं. मी वळून बघत नाही. ते मला हात लावत नाही, रागावत नाही, बोलत नाही. नुसतं माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघत असतं. तापलेल्या अंगाची धग माझ्या मानेला लागते. लहानपणी अक्षर गिरवताना ती अशीच मागे उभी राहायची, आणि चुकले तरी घाई करायची नाही.

आताही करत नाही. आता तर तिच्याकडे वेळच वेळ आहे.

मी पेन्सिल खाली ठेवते.

आजही ठेवली.